आजीची वेणी

सत्तर सालानंतरची गोष्ट असेल. नागपुरात, इतवारीत निराधार म्हाताऱ्या बायकांचा एक आश्रम होता, तिथे मी स्वयंपाकाला होते. दर शनिवारी दुपारी कॉलेजच्या मुली यायच्या, समाजसेवा करायला. त्यांच्या कॉलेजात तसं नवीनच निघालं होतं. कोणी गहू निवडायच्या, कोणी चादरी धुवायच्या, आणि बऱ्याच जणी, खरं सांगू का, माझ्या चुलीपाशी चहाची वाट बघत बसायच्या. बसेनात का, मलाही बोलायला माणूस लागतंच.

आश्रमात आलेल्या बाईचे केस आल्या आल्या कापून टाकत. उवा होतात, नळाचं पाणी पुरत नाही, म्हणून. एका आजीनं मात्र कात्री लागू दिली नाही. डोळ्यांत मोतीबिंदू, बोटं वाकडी झालेली, फणी धरता येत नव्हती. पण केस कमरेपर्यंत. "घर गेलं, माणसं गेले, हे तं राहू द्या वं," म्हणाली. आश्रम चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "कोणी निगा राखेल तोवर राहू दे."

ती निगा कॉलेजच्या मुलींतल्या काटोलच्या एकीनं राखली. आली की तेलाची वाटी घेऊन सरळ आजीच्या मागे बसायची.

"काहून वं, किती ओढून राहिली? डोकं हाये का विहिरीचा दोर?"

"चूप बस, आजी. अशी वेणी घालते का बुढे येतीन मांगं मांगं."

"येऊ दे. भाकर थापता येते का, विचारजो त्यायले."

सगळा आश्रम हसायचा.

मार्चात परीक्षा आल्या. मुलींनी चिवडा वाटला, आमच्या पाया पडल्या. "कॉलेज उघडलं का येतेच, आजी," ती म्हणाली, आणि जाता जाता मला, "मावशी, तेवढे केस बघाल."

मी बसले हो फणी घेऊन. एकदा नाही, कितीदा तरी. पण आजी डोकंच फिरवून घ्यायची. "तू नोको. तिचं काम तू केलं, तं ते कायले येईन मंग?"

मी फणी परत ठेवून दिली.

मे महिन्यात आमचं नागपूर कसं भाजतं ते काही सांगायला नको. आजीच्या केसांचा घामानं नुसता गोळा झाला, मानेवर गळवं उठली, उवा झाल्या. शेवटी बाईंनी कात्री मागवली. आजी ओरडली नाही, रडली नाही. झाल्यावर वाकड्या बोटांनी डोकं चाचपलं आणि पदर ओढून घेतला. तो पदर मग झोपेतही सुटेना.

कॉलेज उघडलं आणि ती आली. खरंच आली! सीताबर्डीहून सुवासिक तेलाची बाटली घेऊन.

"आजी, पदर काढ. पाहू दे काय हाल केले केसायचे."

"मले सर्दी झाली, पोरी. आज नोको."

बाहेर इतकं उकडत होतं की माझं पोलकं अंगाला चिकटलं होतं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी परातीतले तांदूळ निवडत राहिले. तिनं पदराखाली वेणीचा फुगवटा नसलेली ती सपाट पाठ पाहिली आणि हळूच बाटलीचं बूच काढलं.

"बरं, मंग पाय दे."

बराच वेळ ती खाली मान घालून आजीचे पाय चोळत होती. आजीनं दोन्ही हातांनी पदर घट्ट धरला होता.

"पुढच्या शनिवारी घालजो हं वेणी," आजी म्हणाली.

"हो, आजी."