कप्तानाच्या बायकोचं उत्तर

"माघार! पण शिस्तीत माघार!" असं गर्जत काका कचऱ्याची पिशवी परत वर घेऊन यायचे. जपानमधल्या हिगाशी-कसाई भागात आमच्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहायला आलेले हे काका. प्लास्टिकच्या दिवशी काच आणि काचेच्या दिवशी प्लास्टिक खाली नेण्यात त्यांचा हात अख्ख्या जपानात कुणी धरू शकलं नसतं. मी खोटं सांगत नाही; फार वाटलं तर निम्मं करून घ्या.

ही लष्करी बोली त्यांना एका कप्तानानं दिली होती. दोनेकशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन गडी. शेत सोडून गावच्या हौशी फौजेबरोबर सरहद्दीच्या मोहिमेवर गेलेला. तिथून त्यानं बायकोला लिहिलेली पत्रं काकांना इंटरनेटवर सापडली. दर रविवारी नदीकाठच्या बाकावर बसून ते फोनवरून काकूंना ती मराठीत ऐकवायचे. गुडघ्यांमुळे काकूंना विमान झेपत नव्हतं, म्हणून त्या पुण्यातच. काकांचा आवाज असा, की फोन नसता तरी पुण्यात पोचला असता.

काकूंचा त्या कप्तानावर भारी जीव. तो लिहायचा: पीठ भिजलं, घोडा लंगडला, खोकला जात नाही...

"अहो, त्याला कुणी ज्येष्ठमध देत नाही का?"

एका रविवारी मी बाकाशी गेले, तर काका फोन न लावताच बसलेले. पुढच्या पत्रात कप्तानानं लिहिलं होतं: आज तिथल्या मूळ लोकांची गावं पेटवली, काढणीला आलेला मका जाळला. आणि लगेच खालच्या ओळीत, धाकटीला माझा पापा दे.

"तेवढं गाळा ना काका," मी म्हटलं. "काकूंना कुठं कळतंय?"

"अगं, गाळून गाळूनच तर इतका गोड केलाय मी त्याला."

त्यांनी फोन लावला. सगळं वाचलं, इतकं हळू, की शेजारी बसून मलाही वाकावं लागलं.

"मका तयार होता?" काकूंनी विचारलं.

"हो."

"मग थंडीत ती माणसं खाणार काय?"

काकांनी पत्र पुन्हा वरखाली चाळलं.

"त्याच्या बायकोनं विचारलंच असेल की हे. तिचं पत्र वाचा."

"तिची पत्रं कुणी जपलीच नाहीत गं."

काकू म्हणाल्या, "मी सांगते ते घ्या लिहून."

काका आता कायमचे पुण्याला गेलेत. त्यांच्यामागे आमची इमारत इतकी शांत झालीय, की लिफ्टसुद्धा दबकून चालते. मला ते दिसतात त्या बाकावरच. गुडघ्यावर कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानाची कागदी पिशवी पसरून भराभर लिहिताहेत, आणि फोनमधून काकू एकेक शब्द सावकाश सांगताहेत:

"धाकटीला पापा दिलेला नाही. याल तेव्हा अंगणात थांबा. तो मका कुणी पेरला होता, ते आधी मुलांना सांगा. मग घरात या."