पाचवं ठिगळ

पडेगावचे पंक्चरवाले चाचा ट्यूब पाण्यात बुडवतात आणि बुडबुडा दिसला की गिऱ्हाइकाकडं असं बघतात, जणू भोक त्यानंच पाडलंय.

मध्यंतरी ते ट्यूब तपासत असताना मी फुशारकी मारली, "मेव्हण्यानं सांगितलेला शेअर चारदा पडला, चाचा. दरवेळी स्वस्तात आणखी घेतला. आता पोरीच्या फीच्या पैशातून पाचव्यांदा घेतो."

चाचांनी माझी ट्यूब वर धरली. तिच्यावर चार ठिगळं होती.

"ये भी सस्ते में चलरी थी ना, साहेब?" म्हणत त्यांनी कात्रीनं तिचे दोन तुकडे केले. "नाय तर पुढं जाऊन पाचवं लावून घ्याल."

मी नवी ट्यूब बसवून घेतली. घरी जाऊन शेअर मात्र पाचव्यांदा घेतलाच.

हल्ली हवा भरायला मी पुढच्या नाक्यावर जातो.