अनसूयाबाईच्या नावाची हाक

मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी माझ्याकडून एक चूक झाली. दिवसभर कशातच मन लागलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

मी पोंभुर्ण्याकडच्या जंगलात वनरक्षक आहे. सध्या मोहफुलं पडताहेत. गावातल्या बाया पहाटेच वेचायला जातात आणि वाकलेल्या माणसावर वाघ मागून येतो. म्हणून मी सोबत जाते आणि थोड्या थोड्या वेळानं एकेकीला नावानं हाक मारते. "हाव मॅडम" ऐकू आलं की जिवात जीव येतो. हे काम मला कुणी नेमून दिलेलं नाही. पण नोकरीचा कितीही वीट आला तरी मी या हाकांसाठी टिकून राहिले.

मागच्या आठवड्यात मला एका ट्रेनिंगला पाठवलं. विषय होता, कामात मन कसं रमवावं. त्याच सकाळी बाया माझ्याशिवाय गेल्या आणि अनसूयाबाईला वाघानं नेलं.

मोहाचे दिवस कुणासाठी थांबत नाहीत. आज आम्ही पुन्हा गेलो आणि मी सवयीनं ओरडले, "अनसूयाबाई!"

सगळ्या बाया वेचायचं सोडून माझ्याकडे बघू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात झाडाआडून आवाज आला, "हाव मॅडम." तिची सून होती. जवळ येऊन म्हणाली, "माह्या सासूचं नाव गाळू नका. जवाब मी देत जाईन. तुमी फक्त येत राहा."

उद्या पुन्हा तीच हाक मारायची आहे. तुम्हीच सांगा, एवढा आवाज मी कुठून आणू?