भिंतीखाली गाडलेलं माझं जातं

मी दुसरीपातूर शिकलेली बाई. नात लिवून घेती, मी सांगती. भुताखेतावर माझा कवाच इस्वास न्हवता. सासरी इतकं सोसलं की भूत आलं आस्तं तर म्हनलं आस्तं, बस बाबा, तूबी खडी फोड... पन ह्ये एक आसं झालं, की त्येचं उत्तर अजून घावलं न्हाई.

बहात्तरचा दुष्काळ. नेवासा तालुका, घोडेगावच्या अलीकडं काळ्या रानात आमचं दोन खनाचं घर. पाऊस न्हाई म्हनताना जमिनीला हात जाईल आशा भेगा पडल्या, आन घराचा उगवतीचा कोपरा खाली बसाय लागला. भिंतीच्या चिरंतून पलीकडची बाभळ दिसायची.

सासू म्हनली, "पांढऱ्या पायाची आनली! आधी पोरगी जनली, आता घर बसवती."

मालक उठून भाईर गेलं. आईपुढं त्येंला तोंडच नसायचं.

गवंडी आला. टेकू लावून त्यानं कोपऱ्याखालचं उकरलं. म्हनला, "तळाला रुंद दगड पायजे, मंग वर बांधतो." चांगला दगड सगळा दुष्काळी कामावर फुटत हुता. सासूनं माझ्या जात्याकडं बोट केलं. आईनं लग्नात दिल्यालं, नुकतीच टाकी लावून, नवं दात पाडून घेतलेलं.

मी म्हनलं, "आत्याबाई, त्येवढं नका."

"माझं एक जातं हाय की, एका घरात दोन कशाला? काय तुझ्या बापाची रास पडलीया दळाय?"

आमच्यात रीत हाय — जातं रिकामं फिरवू न्हाई, रिकामं ठिवूबी न्हाई. तोंडात चार दानं आसावं, न्हाईतर ते घरच्यास्नीच खातं म्हनत्यात. मी मूठभर मिलो मागितली, ती रेशनची लाल ज्वारी.

"मानसाला न्हाई आन दगडाला?" सासूनं माझा हात झटकला. जातं तसंच, दोन्ही दगड एकावर एक, रिकाम्या तोंडानं गाडलं.

कोपरा बसायचा थांबला. सासू गावभर सांगत फिरली.

मंग एका दुपारी घरघर ऐकू आली. भिंतीखालून. आन भिंतीच्या बुडाशी पांढऱ्या पिठाची रेघ. घरात दाना न्हाई, आन पीठ! सासूनं माझं केस धरलं. "चोरून दळतीस व्हय गं?" मी तर तवाच खडीच्या कामावरून आल्ते, डोक्यावरची पाटीबी उतरली न्हवती.

दुसऱ्या दिशीबी पीठ. मंग तिनं ते गोळा केलं आन भाकरी थापल्या. सोता खाल्ल्या, लेकाला घातल्या. माझ्या शकूनं हात फुडं केला तर म्हनली, "तुज्या आईनं खडी फोडून आनलंय, ते खा."

रोज पीठ, रोज भाकरी. आन खातील तशी ती दोघं वाळत चालली. सासूच्या पाटल्या कोपरापातूर सरकाय लागल्या. तरी भाकर सोडंना. डॉक्टरला काय घावलं न्हाई. सासू गेली तवा खांदा द्यायला आलेला मालकाचा चुलता म्हनला, "तिरडी रिकामी हाय का काय?"

मालक अंथरुनाला खिळलं. तरी पीठ गोळा कर म्हनायचे.

एक दिस कामावरून आले तर शकू भिंतीशी उकिडवी बसून जमीन चाटत हुती. गाल बसलेलं. मी तिला उचलली... उचलताना माझाच तोल गेला, इतकी हलकी.

मालकाला आन शकूला बाभळीखाली निजवलं आन पहार घेतली.

मालक वरडलं, "भिंत पडली तर तुला नांदवनार न्हाई!"

"नका नांदवू," म्हनलं.

जातं निघालं आन मागनं कोपरा धाडकन बसला. नव्या टाकीचं दात पार गुळगुळीत झाल्यालं. तोंडात बोट घातलं तर ऊन लागलं, आत्ताच दळल्यावानी. मी कामावरनं वटीत आनल्याली सगळी मिलो त्यात वतली.

पोरीनं त्या सांजंला पेज मागितली. मालकबी सावरलं. आन हुभं ऱ्हाता आलं तसं पयलं काम क्येलं — मला हाकललं. "तुज्या पायानं आई गेली, घर गेलं." मी शकूला आन जात्याला बैलगाडीत घातलं, भावाच्या घरी आले.

नातजावई इंजिनेर हाय. म्हनतो, काळी माती वाळली की आकसती, आन ते पांढरं म्हंजी भिंतीचा लोना, मातीतला खार. आसंल बाबा. पन लोन्याची भाकर थापता येती का, म्हनलं तर हसतो. 

दुष्काळ सरल्यावर मालकानं दुसरी बायकू केली, नवं घर बांधलं. त्येचाबी कोपरा बसाय लागला, तवा भावाच्या दारात येऊन हुभं ऱ्हायलं. खाली बघत म्हनलं, "जातं दे."

मी आत गेले. जात्याच्या तोंडातलं दानं चाचपलं. भाईर येऊन म्हनलं, "त्ये आता भरल्या तोंडाचं हाय. तुमच्या कामाचं न्हाई."