पहिलं बाळंतपण

आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, सोलापुरात दिली होती. तिच्या घराजवळच मोठा सरकारी दवाखाना. तरीही सातव्या महिन्यात ओटी भरून आईने तिला मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावी आणलं. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, ही रीत. शिवाय गावात नवं उपकेंद्र झालं होतं. निवडणुकीआधी फीत कापली, पेढे वाटले. नर्सबाई लवकरच येतील, असं भाषणात सांगितलं होतं.

आक्का लिंबाखाली पाय पसरून बसायची. "चिंच आण की गं. कॉलेजात गेलीस की मला वळखायची न्हाईस तू."

कळा सुरू झाल्या तेव्हा उपकेंद्राला कुलूप होतं. नर्सबाईंची जागा भरलीच नव्हती. शेजाऱ्यांच्या टेम्पोतून मंगळवेढ्याला नेलं, तिथे तिला द्यायला रक्त नव्हतं. मग टेम्पो सोलापूरकडे निघाला, जिथून तिला आणलं होतं तिकडेच. ती पोचली नाही. बाळही नाही.

आता मी सोलापुरात शिकते. घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. एकदा वर्गात सर बाळंतपणातल्या मृत्यूंविषयी शिकवत होते. रिकामी पदं, रस्ते, रक्ताचा तुटवडा. हात वर करावासा वाटला, पण केला नाही. मला ते अजून नीट बोलता येत नाही.

यंदा मधल्या बहिणीला दिवस गेले. तीही सोलापुरातच दिलेली. तिने आईला फोन लावला. "न्यायला कवा येतीस?"

"न्हाय येत. मीच तितं येते."

"पहिल्या खेपेला सासरी? लोकं हसतील की!"

"हसू देत."

आई एसटीने आली. डिंक, अळीव आणि जुन्या लुगड्याची दुपटी घेऊन. मी उपकेंद्राचं विचारलं.

"रंग दिलाय नवा. इलेक्शन हाय की. कुलूप तेच हाय."

मधली शेवटपर्यंत हिरमुसलेलीच होती. आपल्या लिंबाला मोहोर आला असेल का, एवढंच विचारत राहायची. कळा आल्यावर रिक्षाने लगेच दवाखान्यात पोचलो. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

खाटेवर पडल्या पडल्या तिने आईचा पदर धरला. "आता तरी घरी नेतीस का?"

"व्हय, नेते की," आई म्हणाली आणि डॉक्टरांनी सोडायच्या आधीच गाठोडं बांधायला बसली.