मामांची ठिगळं

माझ्या नवऱ्याच्या मामांच्या तावडीत सापडलेला एकही माणूस आजवर सिनेमाची शिफारस घेतल्याशिवाय सुटलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. दात काढायला गेले असताना, तोंडात कापसाचा बोळा असूनही, त्यांनी नुसत्या हातवाऱ्यांवर दाताच्या डॉक्टरांना एक रहस्यपट सुचवला आणि डॉक्टरांनी तो रविवारी बघितला. मानपाड्याहून स्टेशनला येताना रिक्षावाल्याला सांगायला घेतलेली गोष्ट उतरायची वेळ आली तरी संपली नव्हती, म्हणून मामा त्याच रिक्षाने परत मानपाड्याला गेले होते. कुणाकडे दुःखाच्या प्रसंगी भेटायला गेले तरी थोडा वेळ गप्प बसून झालं की घरातल्या कर्त्या मुलाला हळूच बाजूला घेतात आणि सांगतात, "आत्ता नको, पण तेरावं झालं की एक पिक्चर बघ. हलका आहे." आणि तो मुलगा खरोखरच महिनाभराने फोन करून, बरं वाटलं, असं कळवतो.

मामांच्या शिफारशीत सिनेमाचं नाव कधीच नसतं. नटनट्यांचीही नावं नसतात. "तो बघ गं, ज्यात पोस्टमन चुकीच्या घरी जाऊन पाणी पितो." मी म्हणते, मामा, अहो, नाव सांगा, तर म्हणतात, "नाव शोधणं तुझं काम. मी पोस्टमन दिला ना तुला." बरं, शोधून काढून बघायला सुरुवात केली की यांच्यापासून सुटका नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजतो, "कुठपर्यंत आलीस?" एखादा माणूस गाडीने कल्याणला यायला निघालेला असावा तशी ही चौकशी. आवडला का, हे ते विचारत नाहीत. आवडीनिवडीत त्यांना काडीचा रस नाही. त्यांना एकच उत्सुकता असते, की पुढे काय होईल असं तुम्हाला वाटतंय. आपण काहीतरी ठोकून द्यावं, तर पलीकडून, "हं. असंही झालं असतं, नाही?" एवढं म्हणून फोन बंद. मोबाइलवर सिनेमा बघताना मध्येच इंटरनेट अडकून ते गोल चक्र फिरायला लागलं की आपण वैतागतो. मामांचा चेहरा मात्र उजळतो. ते शेजारच्याकडे वळून मांडी ठोकतात आणि विचारतात, "सांग, आता आत काय चाललं असेल?"

या सगळ्याचं मूळ डोंबिवलीच्या विजेत आहे. मामा मानपाड्याच्या एका रसायनांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होते आणि त्यांच्या इमारतीतला पहिला व्हीसीआर त्यांच्याकडे आला होता. टीव्हीवर लागणारा सिनेमा घरच्या घरी कॅसेटवर उतरवून घेणं हा मामांचा तेव्हाचा धर्म. जाहिराती गाळण्यासाठी उजव्या हाताचा अंगठा रेकॉर्डिंग थांबवायच्या बटणावर ठेवून ते तीन तास बसत आणि त्या अवधीत पाणीसुद्धा पीत नसत. मामींना फोडणी घालायला बंदी होती. टीव्हीवरून उतरवताना घरातला आवाज कॅसेटमध्ये जात नाही हे प्रयोगशाळेतल्या या माणसाला पक्कं ठाऊक होतं, पण विचारलं की म्हणत, "उगाच कशाला?" इतकं करूनही, खून कुणी केला हे नायक सांगायला उभा राहिला की डोंबिवलीचे दिवे जायचे. ठाण्याला, म्हणजे त्यांच्या ताईकडे, म्हणजेच माझ्या सासूबाईंकडे, त्याच वेळी दिवे असायचे. हा भेदभाव का, ते कुणालाच कधी कळलं नाही.

दुसरा कुणी असता तर अर्धवट कॅसेटवर नवा सिनेमा उतरवून मोकळा झाला असता. मामांनी वेगळीच युक्ती काढली. दिवे आले की ते लगेच रेकॉर्डिंग सुरू करत नसत. जितका वेळ दिवे गेले होते तितकी कॅसेट अंदाजाने पुढे सरकवायची, मध्ये कोरी जागा सोडायची आणि मग उरलेला सिनेमा घ्यायचा. पुढच्या रविवारी कल्याणच्या एका मित्राकडून, जो लग्नांचं शूटिंग करायचा, खांद्यावरचा कॅमेरा आणि दिवा मागून आणायचा आणि थेट ठाणं गाठायचं. तिथे ताईला खुर्चीत बसवून, निसटलेल्या भागात काय झालं ते तिच्या तोंडून सांगवून घ्यायचं, आणि घरी येऊन ते बरोबर त्या कोऱ्या जागेत भरायचं. याला ते ठिगळ म्हणत. "ताई, रविवारी ठिगळ लावायला येतोय," असा शेजाऱ्यांकडे फोन आला की सासूबाई इस्त्रीची साडी काढून ठेवत. लग्नाच्या शूटिंगचा दिवा तोंडावर येणार म्हटल्यावर पावडर लावल्याशिवाय कसं बसायचं? त्यामुळे या जगात जरीकाठी साडी नेसून, केसात अबोली माळून खुनाची हकीकत सांगणारी बाई फक्त आमच्या घरात आहे.

मला हे काही माहीत नव्हतं. लग्नानंतर मामांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर कौतुकाने एक सिनेमा लावला. नायिका जिन्यावरून धावत खाली येत होती आणि एकदम पडद्यावर माझ्या सासूबाई आल्या. तरुण, काळ्याभोर केसांच्या, मांडीवर मटारच्या शेंगांचं ताट. म्हणाल्या, "तर ती खाली येते आणि बघते तर काय, दार बाहेरून बंद." मला वाटलं, कॅसेटची काहीतरी सरमिसळ झाली. मी आजूबाजूला बघितलं तर सगळे श्वास रोखून ऐकत होते. मामींनी तर तोंडाला पदर लावला होता. सासूबाईंचं सांगून झालं, सिनेमा पुन्हा सुरू झाला आणि कुणालाही त्यात वावगं काही वाटलं नाही.

या प्रकारात घोटाळा व्हायचा तो अंदाजाचा. मामांनी सोडलेली कोरी जागा कधीच बरोबर नसायची. ती कमी पडली की सासूबाईंचं वाक्य मध्येच तुटून धबधब्याखाली गाणं सुरू व्हायचं. जास्त झाली की गोष्ट संपायची आणि कॅमेऱ्यामागून मामांचा आवाज यायचा, "ताई, बोल अजून. पट्टी उरलीय." "आता काय बोलू?" "काहीही बोल." मग सासूबाई मटकीला मोड कसे आले नाहीत ते सांगायच्या, वरच्या मजल्यावरची बाई पाणी कसं सांडते ते सांगायच्या आणि शेवटी, "तू जेवून जाणारेस का? मग आधी सांग, भात टाकते." हे सगळं त्या रहस्यपटाच्या पोटात कायमचं जाऊन बसलं. मामांच्या घरी येणारी मुलं तर म्हणायची, मामा, आज ठिगळाचा लावा, नुसता नको.

त्या कॅसेटी मामांनी पोटच्या पोरांसारख्या सांभाळल्या. मे महिन्यात गच्चीवर मामींचे पापड उन्हात असायचे आणि शेजारी छत्रीच्या सावलीत मामांच्या कॅसेटी हवेला. कावळे हाकलायला मामा स्वतः बसत. मामी म्हणायच्या, ते पापडांसाठी बसत नाहीत, कावळा पापड घेऊन गेला तरी यांना चालतं.

गेल्या वर्षी सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय बरेचसे सुधारले, पण वाचा गेली. सगळं कळायचं, डोळ्यांत सगळं दिसायचं, शब्द मात्र येत नव्हता. उजाडल्यापासून निजेपर्यंत बोलणारी बाई खुर्चीत गप्प बसलेली बघणं फार अवघड होतं. मला घर नकोसं व्हायचं. बोलायला शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, ओळखीचे आवाज ऐकवत राहा. मामांनी ते मनावर घेतलं. "सगळ्यात ओळखीचा आवाज तिचा स्वतःचाच ना? तोच ऐकवू." माझा नवरा म्हणाला, "अरे मामा, कुठून आणणार तो?" आणि शोधायला गेलो तर खरंच कुठे नव्हता. लग्नाच्या व्हिडिओत सनईने सगळ्यांचे आवाज गिळले होते. आमच्या मोबाइलमध्ये वाढदिवसांचे तुकडे होते, पण कॅमेरा समोर आला की सासूबाई एकच वाक्य म्हणत, "बास रे, बंद कर तो." हे ऐकवून कुणाला बोलतं कसं करणार? त्यांचा मनमोकळा आवाज उरला होता तो फक्त ठिगळांत.

आणि मामांचा व्हीसीआर केव्हाच बंद पडला होता. मग त्याच कल्याणच्या मित्राला गाठलं. त्याच्या पोटमाळ्यावर एक मशीन होतं, ते खाली काढून, पुसून, रिक्षात मांडीवर घेऊन मामा डोंबिवलीला आपल्या घरी आले. कॅसेटी उघडल्या तर बहुतेकांना पांढरी बुरशी. एकेक कॅसेट घालायची आणि ती गुरगुरून गप्प व्हायची. मामांचा रोज रात्री फोन यायचा. कुठला सिनेमा बघ म्हणून नाही, आज कुठली गेली, हे सांगायला. असे सुचवायचं विसरलेले मामा मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला त्यांची काळजी वाटायला लागली. शेवटी एक कॅसेट चालली. जुना रहस्यपट, बंगल्यातला, वकिलाचा. मधोमध ठिगळ शाबूत.

एका दुपारी मामा ते धूड घेऊन ठाण्याला आले. सासूबाईंना टीव्हीसमोर बसवलं. सिनेमा चालू झाला, वीज गेलेली जागा आली आणि त्या पडद्यावर अवतरल्या. "तर काय झालं, तो वकील आहे ना, तो परत बंगल्यात येतो. का, तर म्हणे छत्री राहिली. छत्री कुठली राहायला? आणि तिथेच मेला बिचारा." नंतर भाताचं विचारून झालं, आणि गाणं सुरू झालं. सासूबाई एकटक बघत होत्या. साडी ओळखल्यासारखा त्यांनी मांडीवरून हात फिरवला. बस, तेवढंच. मामांनी मागे नेऊन पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. सासूबाई बघत राहिल्या, ओठ हलले नाहीत. मामांनी टीव्ही बंद केला तेव्हा त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तेवढ्या एका आशेवर त्यांनी इतके दिवस काढले होते.

मी चहा टाकला. घरात शांतता नको म्हणून मामा माझ्याशी काहीतरी बोलत राहिले. मन कुठे होतं कुणास ठाऊक. म्हणाले, "चांगला पिक्चर होता गं. तो वकील छत्री न्यायला आला म्हणून वाचला बघ."

"नाही."

आम्ही दोघांनी एकदमच मागे बघितलं. सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. मामा हुशार माणूस. अगदी साध्या आवाजात म्हणाले, "नाही कसं ताई? वाचला. पोलिस आले ना वेळेवर." सासूबाईंनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "नाही. नाही." आणि मग सगळा जीव एकवटून, "मेला." इतक्या महिन्यांनी आमच्या घरात त्या बोलल्या आणि बोलल्या काय, तर मेला. मामा रडत होते आणि हसत होते, आणि मी गॅस बंद करायचा विसरून चहा उतू घालवला.

तेव्हापासून मामा दर आठवड्याला ठाण्याला येतात आणि ताईला सिनेमाच्या गोष्टी चुकीच्या सांगतात. एका निसटलेल्या प्रसंगासाठी खांद्यावर कॅमेरा घेऊन ठाणं गाठणारा हा माणूस आता सरळ तोंडावर खोटं बोलतो. बहिणीला सावत्र करतो, डॉक्टरला चोर करतो, शेवटी लग्न झालं असेल तर मोडतो. सासूबाई थाप मारतात आणि एकेक शब्द बाहेर काढतात. सख्खी. भाऊ. पत्र. एवढ्या खटाटोपातून दुपारभरात चार-दोन शब्द हाती लागतात आणि मामा ते जपून घरी घेऊन जातात. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, प्रगती आहे, पण फार अपेक्षा ठेवू नका. मटकीपासून भातापर्यंत एका दमात बोलणाऱ्या सासूबाई आता पुन्हा मिळायच्या नाहीत, हे मामांनाही कळतं. त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

परवा मामा जिना उतरून गेले आणि मला राहवलं नाही. मी सासूबाईंच्या पायाशी बसले आणि विचारलं, "आई, मामा मुद्दाम चुकतात. तुमच्या लक्षात आलंय ना?"

त्या चेहऱ्याच्या एका बाजूने हसल्या. "कळतं," म्हणाल्या. मग खूप वेळ थांबल्या. पुढचं काही येणार नाही असं समजून मी उठायला लागले, तर त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि दाराकडे बघत एकेक शब्द लावला.

"येऊ दे. बरं वाटतं... त्याला."