मागून येणारी हाक

अंधेरीला स्टेशनजवळच्या कॅसेटच्या दुकानात चंद्रप्रकाश घाडी काउंटरवर उभा राहिला तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं, आणि दुकान बंद झालं तेव्हा कानशिलं पांढरी झाली होती. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. चंद्रप्रकाश चारकोपला एका कुरियरवाल्याकडे पार्सलं लावतो. पण माणूस बघून त्याला काय ऐकवावं ते ठरवायची खोड सुटली नाही. रविवारी सकाळी तो जुन्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर बोलून पाठवतो. वाकोल्याच्या पोरांचा रॅपचा नवा अल्बम आलाय, शिव्या आहेत, पण आईवरचं गाणं सोडू नका. एका सारंगीवाल्याच्या घरगुती मैफली पुन्हा काढल्यात, त्या घाईत ऐकू नका. लोक अंगठे पाठवतात. समोर उभं राहून कुणी ऐकत नाही, हे त्याला सलतं.

तशी ऐकायची ती जया. वेसाव्याची कोळीण. मासळी संपली की रिकामी पाटी दाराबाहेर ठेवून आत यायची, हेडफोन लावून डोळे मिटायची. गझल असो की सॅक्सोफोन, तो देईल ते ऐकायची. स्वतःहून तिनं एकदाच काही मागितलं. कोळीगीतांची एक जुनी कॅसेट. तिचा बाप होता त्यात, आणि घरची टेप तुटली होती. चंद्रप्रकाशनं जंग जंग पछाडलं, मिळाली नाही. मग दुकानच गेलं, आणि जयाचा नंबर घ्यायचंही त्याला कधी सुचलं नव्हतं.

गेल्या वर्षी काही तरुण मुलांनी तीच कॅसेट साफसूफ करून नव्यानं काढली. चंद्रप्रकाशनं ग्रुपवर अवाक्षर काढलं नाही. रजा टाकली आणि थेट वेसाव्याचा बाजार गाठला.

जया थकली होती, पण तिनं त्याला लगेच ओळखलं. हात पुसून इयरफोन कानात घातले. गाणं संपलं तशी म्हणाली, "परत लाव."

दुसऱ्यांदा ऐकून तिनं इयरफोन काढले. "ह्यात माझा बा नाय."

"असं कसं, जयाताई? कॅसेट तीच आहे."

"गाणी तीच हाईत. पण बा गायचा नाय रे. सगल्यांच्या मागं उभा राहायचा आणि कडवं संपलं का हाक द्यायचा, होडीवरनं देतात तशी. माइकवाला वरडायचा, तरी द्यायचा."

चंद्रप्रकाशला उलगडा झाला. खरखर काढताना त्या मुलांनी लांबची ती हाकही काढून टाकली होती. त्यांना तो गोंगाट वाटला असणार.

"कशी होती हाक?" त्यानं विचारलं.

जयानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच, घशातल्या घशात देऊन बघितली. "अशी नाय," ती म्हणाली. "त्याची मोठी होती." आणि समोरच्या बाईला बोंबलांचा भाव सांगायला लागली.

त्या रविवारी त्यानं ग्रुपवर सांगितलं, "कोळीगीतांची एक जुनी कॅसेट नव्यानं काढलीय, झकास आहे, जरूर घ्या. पण कुणाच्या घरी मूळची जुनी कॅसेट असेल, कितीही खरखरू दे, ती मला हवी आहे."

मुलुंडच्या अनिरुद्धनं माळ्यावर एक असल्याचं कळवलं. चंद्रप्रकाश धावत गेला. डबी तीच होती, आत मात्र भलत्याच गाण्यांची कॅसेट निघाली. अनिरुद्ध ओशाळला. चंद्रप्रकाशनं रिकामी डबी मागून घेतली.

ती जयाला दिली तेव्हा तिनं वरचा फोटो डोळ्यांजवळ धरला. गाणारे सगळे ओळीत, नटूनथटून उभे. मागे कडेला एक माणूस निम्मा कापला गेलेला, नुसता खांदा आणि लाल टोपीचं टोक.

"ह्यो बा," ती म्हणाली आणि बराच वेळ त्या खांद्यावरून अंगठा फिरवत राहिली.

कॅसेट अजून मिळालेली नाही. चंद्रप्रकाश शोधतोच आहे.